आरंभीचा संधिवात आणि रक्तातील सूचक

व्यापाऱ्याचे सारे आयुष्य आकड्यांच्या सहवासात जाते. भाव, वजन, आर्द्रता, व्याज, उधारी ह्यांचे आकडे तो सहज वाचतो. परंतु रक्ततपासणीचा कागद हाती आला म्हणजे तोच व्यापारी गोंधळून जातो. ज्या आकड्यापुढे ठळक ठसा असेल तो पाहून घाबरावयाचे आणि ठसा नसेल तर निर्धास्त व्हावयाचे, एवढेच त्यास ठाऊक असते. पुष्कळ रोगांच्या बाबतीत ह्या अज्ञानाने फारसे बिघडत नाही. परंतु एक रोग असा आहे की, ज्याच्या आरंभीचे काही महिने फार मोलाचे असतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत कागदाचा अर्थ चुकीचा लागला, तर माणसाची बोटे कायमची वाकडी होण्याचा संभव असतो. तो रोग म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात होय.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे किंवा डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका घाऊक धान्यव्यापाऱ्याने जिज्ञासेपोटी वाचून व जाणत्यांस विचारून जे समजून घेतले, ते आपल्या व्यवसायबंधूंपुढे व त्यांच्या घरच्या माताभगिनींपुढे सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. औषधयोजना हे ह्या लेखाचे क्षेत्र नाही. आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढाच येथील विषय आहे.

रोगाचे स्वरूप

सांधे दुखण्याची कारणे अनेक आहेत. उतारवयात गुडघ्याची गादी झिजते आणि जिना चढताना त्रास होतो. तो झिजेचा संधिवात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात निराळा. आपल्या शरीरात बाहेरील जंतूंशी लढणारी जी संरक्षक व्यवस्था आहे, तीच येथे वाट चुकते आणि सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला चढविते. अस्तर सुजते, जाड होते, आणि कालांतराने शेजारचे कूर्चा व हाड कुरतडू लागते. हातांची व पायांची लहान बोटे, मनगटे असे लहान सांधे प्रथम धरले जातात, आणि बहुधा दोन्ही बाजूंचे धरले जातात. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात; ते मोकळे होण्यास अर्धा तास, तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. झिजेच्या संधिवातात श्रमाने दुखणे वाढते, ह्यात विश्रांतीनंतर आखडणे वाढते; हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि पुष्कळदा ऐन कर्तेपणाच्या वयात सुरू होतो.

आपल्या आयुर्वेदाच्या परंपरेत माधवकराच्या माधवनिदान ह्या ग्रंथात आमवात ह्या विकाराचे स्वतंत्र वर्णन आहे, आणि आजचे वैद्य ह्या रोगाची तुलना बहुधा त्याच्याशी करतात. पाश्चात्त्य वैद्यकात ऱ्हुमॅटॉइड हे नाव इंग्लंडमधील डॉक्टर आल्फ्रेड गॅरड ह्यांनी १८५९ साली रूढ केले.

हा रोग आपल्याकडे किती जणांस होतो, ह्याचे उत्तर शोधण्याचे एक महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, सोलापूरच्या रस्त्यावर, भिगवण नावाचे गाव आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस ह्या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनी १९९६ साली तेथे एक व्यापक पाहणी हाती घेतली. जागतिक आरोग्य संघटना व सांधेरोगतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ ह्यांच्या कोपकॉर्ड नावाच्या कार्यक्रमाच्या धर्तीवर हे काम झाले. गावातील स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठविण्यात आले, आणि चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांची विचारपूस झाली. त्यांत शेकडा सुमारे १८ जणांस हाडांसांध्यांचे काही ना काही दुखणे होते. परंतु खरा ऱ्हुमॅटॉइड संधिवात दर हजारी सुमारे पाच जणांस आढळला. हजारी पाच हा आकडा लहान वाटेल. पण लाख प्रौढांच्या वस्तीत तो पाचशे घरांपर्यंत पोहोचतो, हा हिशेब कोणीही करावा. शिवाय ह्या पाहणीतून दुसरीही गोष्ट उघड होते. सांधे दुखणारे पुष्कळ, आणि हा रोग असणारे त्यांतील थोडे. म्हणून धान्याच्या राशीतून खडा निवडावा तसे ते थोडे वेळीच निवडून काढणे हेच खरे कौशल्य आहे.

जात ओळखणे आणि ओल मोजणे

धान्याचा व्यापारी पोत्यात पन्हळी सळई खुपसून मूठभर नमुना बाहेर काढतो, तेव्हा तो दोन निरनिराळे प्रश्न विचारीत असतो. पहिला प्रश्न : हा गहू कोणत्या जातीचा? दुसरा प्रश्न : आज ह्यात ओल किती? जात बदलत नाही. पेरले तेव्हाच ती ठरलेली असते. ओल मात्र दिवसागणिक बदलते, आणि माल टिकेल की सडेल हे तीवर अवलंबून असते. जात विचारण्याच्या जागी ओल मोजली, किंवा ओल मोजण्याच्या जागी जात विचारली, तर सौदा फसलाच म्हणून समजावे.

संधिवाताच्या रक्ततपासण्यांतही असेच दोन वर्ग आहेत. आर. ए. फॅक्टर व सी. सी. पी. विरोधी प्रतिद्रव्ये ह्या तपासण्या रोगाची जात ओळखण्यास मदत करतात. ई. एस. आर. व सी. आर. पी. ह्या तपासण्या दाह आज किती आहे, म्हणजे रोग किती जागा आहे, हे सांगण्याचा प्रयत्न करतात. आता ह्यांचा एकेक करून विचार करू.

ई. एस. आर.

रक्त न गोठेल अशी व्यवस्था करून ते उभ्या बारीक नळीत ठेवले, तर तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर द्रव मोकळा होतो. एका तासात वरचा मोकळा भाग किती मिलिमीटर झाला, तो आकडा म्हणजे ई. एस. आर. पोलंडचे एडमुंड बिएरनात्स्की ह्यांनी १८९७ साली ह्या मापनाकडे लक्ष वेधले. स्वीडनचे रॉबिन फोरेउस ह्यांनी १९१८ साली आणि आल्फ वेस्टरग्रेन ह्यांनी १९२१ साली त्यास आजचे रूप दिले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ही स्वस्त व साधी तपासणी टिकून आहे.

पेशी लवकर खाली का बसतात? शरीरात दाह असला म्हणजे यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून नाण्यांच्या चवडीसारख्या रचल्या जातात. सुटे नाणे हलके, चवड जड. म्हणून ती वेगाने खाली जाते. ह्यावरून हेही ध्यानात येईल की, ही तपासणी दाह प्रत्यक्ष मोजीत नाही. दाहाचा रक्तावर जो परिणाम होतो, तो मोजते. त्यामुळे इतर अनेक कारणांनी हा आकडा हालतो. वय वाढते तसा तो वाढतो. पुरुषाच्या वयाचे निम्मे, आणि स्त्रीच्या वयात दहा मिळवून त्याचे निम्मे, ही वरची मर्यादा धरण्याचा एक सोपा नियम आहे. त्यानुसार साठ वर्षांच्या पुरुषास ३० व साठ वर्षांच्या स्त्रीस ३५ हा आकडा वावगा नव्हे. रक्तक्षय असल्यास आकडा वाढतो, आणि आपल्याकडील स्त्रियांत रक्तक्षय किती सर्वत्र आहे हे सांगावयास नको. गर्भारपणी वाढतो. क्षयासारख्या कोणत्याही मोठ्या संसर्गात वाढतो. एवढेच नव्हे, नळी किंचित कलती राहिली किंवा खोली फार तापलेली असली तरी वाढतो; वडोदऱ्याच्या वैशाखात हे विसरून चालणार नाही.

दुसरी मर्यादा म्हणजे तिची मंद गती. दाह ओसरला तरी फायब्रिनोजेन लगेच कमी होत नाही, म्हणून ई. एस. आर. खाली येण्यास कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. औषध सुरू करून चार दिवस झाले आणि आकडा तेवढाच आहे, म्हणून औषध निरुपयोगी ठरविणे योग्य नव्हे.

सी. आर. पी.

सी. आर. पी. चा शोध संधिवाताच्या अभ्यासातून लागलेला नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस हे दोघे संशोधक न्यूमोनियाच्या रुग्णांचा अभ्यास करीत होते. त्या रोगाच्या जंतूतील सी नावाच्या घटकाशी संयोग पावणारे एक द्रव्य आजारी माणसाच्या रक्तात असते, आणि माणूस बरा झाला की नाहीसे होते, असे त्यांना १९३० साली आढळले. हेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. दाहाच्या जागेहून निघालेला संदेश, ज्यात इंटरल्युकिन-६ हे द्रव्य प्रमुख, यकृतास पोहोचला म्हणजे यकृत हे प्रथिन बनवू लागते. सहा-आठ तासांत ते वाढू लागते, दोन दिवसांच्या सुमारास शिखर गाठते, आणि कारण दूर होताच सुमारे १९ तासांत निम्मे होते. म्हणून आजची स्थिती जाणण्यास सी. आर. पी. हे ई. एस. आर. पेक्षा चपळ साधन आहे. रक्तक्षयाचाही त्यावर तितका परिणाम होत नाही.

तरीही दोन सावधगिरी आवश्यक आहेत. पहिली एककाची. काही प्रयोगशाळा हा आकडा एका लिटरमागे मिलिग्रॅम असा देतात, तर काही एका डेसिलिटरमागे देतात. दोहोंत दहापट अंतर आहे. एका कागदावरील २ आणि दुसऱ्यावरील २० हे एकच असू शकतात. मण आणि क्विंटल ह्यांची गल्लत करून कोणी खरेदी करीत नाही. तीच दक्षता येथे घ्यावी. दुसरी सावधगिरी अर्थाची. साधा घसादुखीचा ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, दातांचे गळू ह्यांनीही सी. आर. पी. वाढते. स्थूल शरीराच्या व्यक्तीत ते नेहमीच थोडे वर असू शकते. गादीवर बसून धंदा करणाऱ्या आपल्या वर्गाने हे विशेष ध्यानी घ्यावे. म्हणून आकडा वाढलेला दिसला की, आधी डॉक्टर विचारतात : गेल्या आठवड्यात ताप, खोकला, जुलाब असे काही झाले होते काय?

ह्या दोन्ही तपासण्यांविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. ह्या दोन्ही आकड्यांत काही दोष नसतानाही रोग पूर्ण जोरात असू शकतो. फिनलंड व अमेरिका येथील रुग्णांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या भेटीच्या वेळी शेकडा चाळीसहून अधिक रुग्णांत हे आकडे मर्यादेच्या आतच होते. तेव्हा आकडा वाढलेला असल्यास तो पुरावा आहे. आकडा वाढलेला नसल्यास तो निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

आर. ए. फॅक्टर आणि सी. सी. पी.

नॉर्वेचे एरिक वालेर ह्यांनी १९४० साली व अमेरिकेचे हॅरी रोझ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९४८ साली असे दाखविले की, ह्या रुग्णांच्या रक्तात शरीराच्याच प्रतिद्रव्यांवर उलटणारे एक प्रतिद्रव्य असते. हाच आर. ए. फॅक्टर. मुरलेल्या रोगात दहांपैकी सुमारे सात-आठ रुग्णांत तो आढळतो. आरंभीच्या महिन्यांत त्याहून कमी जणांत. उलटपक्षी क्षय, कुष्ठ, यकृताचा सी प्रकारचा विषाणुसंसर्ग अशा विकारांत, आणि काही निरोगी वृद्धांतही तो असतो. म्हणजे फॅक्टर आहे म्हणून रोग आहे असे नाही, आणि फॅक्टर नाही म्हणून रोग नाही असेही नाही.

दुसऱ्या वाक्याचे दुष्परिणाम आमच्या पेढीवरच पाहावयास मिळाले. एक जुने मेहताजी सकाळी दहा वाजेपर्यंत लेखणी धरू शकत नसत. त्यांची तपासणी झाली, आर. ए. फॅक्टर नाही, म्हणून हा संधिवातच नव्हे असे त्यांस कोणी सांगितले. पुढची दोन वर्षे वेदनाशामक गोळ्या आणि कोणाच्या तरी शिफारशीने आणलेल्या पुड्या ह्यांत गेली. नंतर योग्य उपचार मिळाले आणि सूज उतरली, वेदना थांबल्या; पण तिरकी झालेली बोटे सरळ झाली नाहीत. त्यांचे अक्षर सुंदर होते. ते पुन्हा पूर्वीसारखे उमटले नाही.

सी. सी. पी. ही तपासणी अलीकडची, १९९८ नंतरच्या डच संशोधनातून पुढे आलेली. प्रथिनांतील आर्जिनिन ह्या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झाले म्हणजे संरक्षक व्यवस्था त्यास परके समजते व त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये करते. तीच येथे मोजतात. ही आढळली तर रोग ऱ्हुमॅटॉइड संधिवातच असण्याचा संभव फार मोठा असतो, आर. ए. फॅक्टरपेक्षा ही अधिक नेमकी आहे. तिचे दुसरे वैशिष्ट्य विस्मयकारक आहे. नेदरलँड्समधील रक्तपेढीत ज्यांनी पूर्वी रक्तदान केले होते व पुढे ज्यांना हा रोग झाला, अशा लोकांचे जपून ठेवलेले रक्त तपासण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे निम्म्या जणांत सांधा दुखण्यापूर्वी कित्येक वर्षे आधीच ह्यांपैकी एखादे प्रतिद्रव्य दिसून आले. आग दिसण्यापूर्वी धूर असतो, तसेच हे म्हणावयाचे. ज्यांच्यात ही प्रतिद्रव्ये पुष्कळ असतात, त्यांच्यात हाडे कुरतडली जाण्याचा धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टर अशा रुग्णाकडे अधिक बारकाईने पाहतात.

परंतु ही जात ओळखण्याची तपासणी आहे, हे विसरू नये. रोग शमला तरी हा आकडा बहुधा तसाच राहतो. दर दोन महिन्यांनी सी. सी. पी. करून घेणे म्हणजे विकत घेतलेल्या गव्हाची जात दर आठवड्यास पुन्हा विचारण्यासारखे आहे. त्यात पैसा जातो, आणि उगाच निराशा पदरी पडते.

येथेच आणखी एक सूचना. सांधेदुखीची तपासणी म्हणून युरिक ॲसिड, ए. एस. ओ. इत्यादी तपासण्यांचे एक गाठोडे पुष्कळ ठिकाणी विकले जाते. युरिक ॲसिडचा संबंध गाउट नावाच्या विकाराशी आहे; ए. एस. ओ. चा संबंध घशातील एका जंतुसंसर्गाशी व त्यानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाशी आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा जोर ह्यांपैकी कशानेही मोजता येत नाही.

कागद आणि बोटे ह्यांचा मेळ

मग रोगाचा जोर मोजावयाचा कसा? ह्याचे उत्तर असे की, रक्त हा एक साक्षीदार. त्यास डॉक्टरांच्या बोटांची व रुग्णाच्या अनुभवाची जोड द्यावयाची. रोग ओळखण्यासाठी अमेरिका व युरोप येथील तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१० साली दहा गुणांची एक पद्धत ठरविली. सुजलेल्या सांध्याला दुसरे कारण नसेल, तर सांध्यांची संख्या व प्रकार ह्यांस पाचपर्यंत गुण, आर. ए. फॅक्टर व सी. सी. पी. ह्यांस तीनपर्यंत, सहा आठवडे किंवा अधिक काळ दुखणे असल्यास एक, आणि ई. एस. आर. किंवा सी. आर. पी. वाढलेले असल्यास एक. बेरीज सहा झाली की रोग ऱ्हुमॅटॉइड संधिवात धरावा. ही वाटणी नीट पाहिली पाहिजे. दाहाच्या आकड्यांस दहांत एकच गुण आहे. ज्याचे लहान सांध्यांसह दहाहून अधिक सांधे धरले आहेत व सहा आठवडे लोटले आहेत, त्याचे रक्ताचे सर्व कागद निर्दोष असले तरी पाच आणि एक मिळून सहा गुण होतात.

सहा आठवड्यांच्या अटीसही कारण आहे. चिकनगुनियासारख्या विषाणुज्वरानंतर अगदी असेच सांधे धरतात. २००६ सालच्या साथीत गुजरात व महाराष्ट्र दोन्हींकडे हा अनुभव आला. अशी दुखणी पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप उतरतात. मात्र ह्याचा अर्थ सहा आठवडे घरी बसून वाट पाहावी असा नव्हे. सूज दिसताच दाखवावे, आणि डॉक्टरांनी नजर ठेवावी.

रोग ठरल्यानंतर जोर मोजण्यासाठी डास-२८ नावाचा गुणांक प्रचारात आहे. ही कल्पना नेदरलँड्समधील. त्यात दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस सांधे असे २८ सांधे डॉक्टर दाबून पाहतात. किती दुखतात व किती सुजले आहेत ते मोजतात. त्यात रुग्णाचे स्वतःचे मत आणि ई. एस. आर. किंवा सी. आर. पी. मिळवून सूत्राने एक आकडा काढतात. २.६ च्या खाली असेल तर रोग शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. पावलांचे सांधे ह्या अठ्ठावीसांत नाहीत, ही त्यातील उणीव. म्हणून पाय दुखत असल्यास रुग्णाने आपण होऊन सांगावे.

सूत्राविना चालणारा व रक्ताविना होणारा दुसरा गुणांक म्हणजे सी-डाय. दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाने स्वतःच्या त्रासास दहांपैकी दिलेले गुण आणि डॉक्टरांनी दहांपैकी दिलेले गुण, ह्या चारांची सरळ बेरीज. समजा, एका भगिनीचे सहा सांधे दुखतात, चार सुजले आहेत, तिचे गुण पाच व डॉक्टरांचे चार, बेरीज १९. दहाच्या वर व बावीसपर्यंत मध्यम, म्हणून तिचा रोग मध्यम. तीन महिन्यांच्या उपचारानंतर दोन, एक, दोन व एक असे आकडे आले, बेरीज सहा. दहापर्यंत सौम्य, २.८ पर्यंत शांत. म्हणजे सुधारणा चांगली, पण काम अद्याप पुरे झालेले नाही. रोजमेळ लिहिणाऱ्या कोणासही हा हिशेब वहीच्या मागील पानावर ठेवता येईल.

असे मोजून उपचार केल्याने खरोखर लाभ होतो काय? ग्लासगो येथे ११० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, तर निम्म्यांना दरमहा गुणांक मोजून, तो खाली न आल्यास औषध वाढवून वागविले. दीड वर्षानंतर नेहमीच्या गटात शेकडा १६ जणांचा रोग शांत झाला होता. मोजून वागविलेल्या गटात शेकडा ६५ जणांचा. ज्या व्यापाऱ्याची खतावणी रोजच्या रोज लिहिली जाते त्याचे दिवाळे सहसा निघत नाही, हाच न्याय येथे दिसतो. आज जगभर तज्ज्ञांचा सल्ला हाच आहे : रोग जागा असताना एक ते तीन महिन्यांनी मोजावे, तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा दिसावी, आणि सहा महिन्यांत ठरविलेले लक्ष्य गाठावे.

नवे सूचक

रक्तातून याहून नेमके काही कळेल काय, ह्याचा शोध चालू आहे. दाहाच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींतून बाहेर पडणारे कॅलप्रोटेक्टिन, सांध्याच्या अस्तरातून निघणारे व कूर्चा खाणारे एम. एम. पी.-३, तसेच १४-३-३ ईटा नावाचे प्रथिन, ह्यांचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेत बारा प्रथिने एकत्र मोजून एक ते शंभर असा एकच गुणांक देणारी तपासणीही निघाली आहे. ह्यांतून काही उपयुक्त हाती येईल. परंतु आज रोजच्या व्यवहारात ई. एस. आर., सी. आर. पी. आणि अनुभवी हात ह्यांची जागा त्यांनी घेतलेली नाही. महाग म्हणून चांगले, हा न्याय धान्यात चालत नाही तसा येथेही चालत नाही.

औषधानेही सूचक फसू शकतो, हे जाणून असावे. टोसिलिझुमॅबसारखी औषधे इंटरल्युकिन-६ चा संदेशच अडवितात; मग यकृतास निरोप पोहोचत नाही व सी. आर. पी. जवळजवळ शून्यावर येते. त्यामुळे रोग किती शमला हे केवळ ह्या आकड्यावरून कळत नाही, आणि अंगात संसर्ग शिरला तरी तो दडून राहू शकतो. स्टेरॉइडनेही दाह झटपट दबतो. निनावी पुड्यांत पुष्कळदा हेच मिसळलेले असते. म्हणून पुडी घेताच चमत्कार झाल्यासारखे वाटते, कागदही सुधारतो, आणि आत रोग व नवे अपाय दोन्ही वाढत राहतात.

व्यवहारात काय करावे

पहिले : सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, आणि हाताच्या लहान सांध्यांवर सूज असेल, तर विलंब न लावता सांधेरोगाच्या जाणत्या डॉक्टरांस दाखवावे. हाडांची हानी पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. आपल्या वडोदऱ्यात १९४९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे व त्यास जोडलेले सयाजीराव रुग्णालय आहे. सल्ल्यासाठी जागा नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरे : सर्व कागद तारीखवार एका वहीत लावावेत. शक्यतो तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी आणि आकड्यापुढील एकक पाहावे. ई. एस. आर. व सी. आर. पी. साठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही.

तिसरे : कागद सुधारला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. भाव चढले म्हणून राखण काढून घेतली, तर गोदाम सुरक्षित राहत नाही. वेदनाशामक गोळी वेदना थांबविते, हाडाची हानी थांबवीत नाही. आणि उपवासात ती रिकाम्या पोटी घेतल्यास जठरास अपाय होऊ शकतो. पर्वकाळी दीर्घ उपवास करणाऱ्यांनी औषधांची व्यवस्था आधी डॉक्टरांस विचारून ठरवावी.

चौथे, आणि सर्वांत जपण्याचे : ह्या रोगावरील प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट. ज्या अमेरिकन प्रयोगशाळेतून ते पुढे आले, तेथील संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे अभिमानाने सांगावे. हे औषध ह्या रोगासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जीव जाण्यापर्यंत मजल जाते. म्हणून डबीवर ठरलेला वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, आणि घरातील आणखी एका माणसास तो ठाऊक असावा. हे औषध चालू असता रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड ह्यांच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. त्या रोगाचा जोर मोजण्यासाठी नसून औषधाचा अपाय वेळीच कळावा म्हणून असतात, हा भेद ओळखावा. गर्भारपणी, किंवा मूल होण्याचा विचार असता, हे औषध चालत नाही. नव्या सुनांनी व लेकींनी संकोच न करता हे डॉक्टरांपुढे बोलावे.

पाचवे : घरातील स्त्री सकाळी कणीक मळताना थांबते, पदराची गाठ मारू शकत नाही, नळ सोडताना दुसऱ्या हाताचा आधार घेते, ही चिन्हे कागदाआधीची आहेत. ती तक्रार करीत नाही म्हणून दुखत नाही, असे कोणी समजू नये. पेढीवरील हमाल, मापाडी व मेहताजी ह्यांच्याविषयीही हीच दृष्टी असावी. ज्यांच्या हातांवर आपला व्यापार उभा आहे, त्यांच्या हातांची विचारपूस करणे हे मालकाचे कर्तव्यच आहे.

सारांश, आर. ए. फॅक्टर व सी. सी. पी. रोगाची जात सांगतात, ई. एस. आर. व सी. आर. पी. त्याचा आजचा जोर सुचवितात. आणि निर्णय मात्र सुजलेला सांधा, रुग्णाचा अनुभव व हे आकडे ह्या तिघांच्या मेळातून होतो. आपण नुसती चिठ्ठी वाचून मालाचा सौदा करीत नाही. पोते उघडतो, हात घालतो, दाणा दाताखाली घेऊन पाहतो, आणि मग भाव बोलतो. तीच रीत आपल्या माणसांच्या आरोग्याच्या बाबतीत ठेवावी, अशी सर्व व्यवसायबंधूंस व भगिनींस नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.